उसना रविवार

परगावी शिकायला गेलेल्या मुलाने सुटीच्या दिवशी काय करावे, हा काही जगाच्या उलाढालीत गणला जावा असा प्रश्न नव्हे. पुढ्यात फराळाचे ताट असताना तर त्याची आठवणही कुणाला होऊ नये. वाचक म्हणतील, सुटी म्हणजे सुटी. हवे तर झोपावे, हवे तर भटकावे, त्यात तत्त्वज्ञान ते कसले? त्यांचे म्हणणे खरे आहे. ते सर्वांच्या बाबतीत खरे आहे काय, एवढीच माझी शंका आहे. खात्यापित्या घरचा मुलगा विलायतेला गेला आणि मित्रांबरोबर शनिवार-रविवार सहलीला जाऊन आला, तर आपण कौतुकाने विचारतो, "काय काय पाहिलंस?" तेच, शिष्यवृत्तीवर गेलेला मजुराचा मुलगा सहलीला जाऊन आला की आपला प्रश्न बदलतो. आपण म्हणतो, "अभ्यास कसा चालला आहे?" दोन्ही प्रश्न प्रेमापोटीच विचारलेले असतात. परंतु पहिल्यात आपण त्याच्या आनंदात वाटा मागतो आणि दुसऱ्यात हिशेब.

हा फरक मला गेले वर्ष-दीड वर्ष छळतो आहे. त्याचे कारण सांगायचे तर थोडी माझी ओळख करून द्यावी लागेल. चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका गावी मी शाळेत चित्रकला शिकवतो. स्वतः मॅट्रिकच्या पुढे गेलो नाही. चित्रकलेच्या परीक्षा दिल्या, त्यांच्या जोरावर मास्तर झालो, आणि रात्री कंदिलाच्या नसल्या तरी दिव्याच्या उजेडात कादंबऱ्या लिहितो. विलायत मी पाहिलेली नाही. माझा एक विद्यार्थी मात्र गेला. सिंदेवाही तालुक्यातले त्याचे गाव. घरची शेती नावापुरती. आईबाप रोवणीला आणि कापणीला दुसऱ्याच्या बांधीत जाणारे. आजोबा एका मालगुजाराकडे सालगडी होते. राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने राज्य सरकारची परदेशी शिक्षणाची शिष्यवृत्ती आहे, २००३ सालापासूनची. ती या मुलाला मिळाली आणि तो इंग्लंडात शेफील्ड येथे पाण्याच्या नियोजनाचे शास्त्र शिकायला गेला. गावात त्या दिवशी पेढे वाटले गेले. बापाने स्वतः खाल्ला नाही, खिशात ठेवून घरी नेला.

२०२५ च्या मे महिन्यात त्याचा एक फोटो गावातल्या मोबाइलांवर फिरू लागला. एका उघड्याबोडक्या डोंगराच्या माथ्यावर पाच जण उभे आहेत: हा, एक केरळची मुलगी, एक नायजेरियाचा मुलगा आणि दोन तिथलेच. वारा जबरदस्त असावा, कारण पाचही जणांचे केस एकाच बाजूला पळत होते. सगळे हसत होते. आमचा मुलगा इतका मोकळा हसताना मी सात वर्षांत वर्गात पाहिला नव्हता.

आता मे महिना म्हणजे आमच्या भागात काय असते, ते पुण्या-मुंबईच्या वाचकांना सांगायला हवे. तो तेंदूपानांचा हंगाम. पहाटे चारला, अंधार असतानाच माणसे जंगलात शिरतात. पाने तोडून आणायची, घरी सगळ्यांनी बसून सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधायचे, संध्याकाळी फळीवर नेऊन मोजून द्यायचे. पंधरा-वीस दिवसांचा खेळ. त्यावर पावसाळ्याची तेलमीठाची सोय. आणि जंगल काही रिकामे नसते. त्याच मे महिन्यात सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मेल्या. त्या जंगलापासून काही कोसांवर ताडोबा आहे, १९५५ साली झालेले आपल्या राज्यातले पहिले राष्ट्रीय उद्यान. तिथे वाघ दिसावा म्हणून लोक विमानाने येतात, उघड्या जिप्सीत श्वास रोखून बसतात. आमची माणसे जंगलात जाताना मोठमोठ्याने बोलत जातात. तो दिसू नये म्हणून.

तर अशा दिवसांत, फळीवर पुडे मोजले जात असताना, कुणीतरी बापाच्या डोळ्यांसमोर तो फोटो धरला. कोण काय म्हणाले ते मला नंतर कळले. कुणी म्हणाले, पोरगा साहेब झाला. कुणी म्हणाले, बाप इथे वाघाच्या तोंडात आणि पोरगा तिथे हवा खातो आहे. आईने एवढेच विचारले म्हणतात, "एकटाच होता का?" पाच जण होते असे सांगितल्यावर "मंग बरं" म्हणून ती पुडे बांधू लागली.

बाप रविवारी सकाळी माझ्याकडे आला. पानांच्या चिकाने बोटे काळी पडलेली. चहा घेतला, बराच वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "गुरुजी, तुमी त्याले फोन लावा ना जी. तुमचं ऐकते तो. पोट्टा शिकाले गेला, मंग डोंगरावर कायले चढून राह्यला?"

मी म्हटले, "दोन दिवस सुटी होती, भाऊ. सुटीला गेला असेल."

"सुटी तं हाय जी. पण पैसा तं सरकारचा हाय ना."

कंजूष किंवा कडक बापाचे हे शब्द असते, तर मी ते हसून घालवले असते. पण हा माणूस तसा नाही. सत्तरच्या जागी अडुसष्ट पाने बांधणे त्याला जमत नाही. आयुष्यात त्याला कुणी काही फुकट दिलेले नाही. जे मिळाले ते मोजून, आणि मोजलेल्याच्या बदल्यात घाम मोजून दिला. पैसा ज्याचा, वेळ त्याचा, हा त्याच्या दृष्टीने सृष्टीचा नियम आहे, जसे पाणी उताराकडे जाते. मुलाचे वागणे त्याला उनाडपणाचे वाटले नव्हते. अप्रामाणिकपणाचे वाटले होते. आणि तेही आपल्या मुलाच्या हातून, सगळ्या गावादेखत.

मी फोन लावला नाही. "पाहतो" म्हणून त्याला वाटे लावले. पण तो गेल्यावर माझ्या मनात जी वकिली सुरू झाली, ती अजून संपलेली नाही. सोपी वकिली मला ठाऊक होती. प्रवासाने माणूस शहाणा होतो, सहल हाही अभ्यासाचाच भाग आहे, पाण्याचे शास्त्र शिकणाऱ्याने डोंगर पाहायलाच हवेत, वगैरे. शैक्षणिक सहलीच्या परवानगीसाठी असले मुद्दे मी दर हिवाळ्यात लिहून देतो. परंतु हा युक्तिवाद मला लबाडीचा वाटतो. तो बापाचाच नियम मान्य करतो. फक्त सहलीला अभ्यासाचा सदरा चढवून हिशेबात बसवतो. त्या फोटोतला मुलगा अभ्यास करत नव्हता. तो मित्रांबरोबर मजा करत होता. तसे करण्याचा हक्क त्याला होता की नव्हता, असा सरळ प्रश्न घ्यायला हवा.

पैसा ज्याचा, वेळ त्याचा, हा नियम कुठून आला ते आमच्या भागात फार शोधावे लागत नाही. त्याचे नाव सालदारी. गुढीपाडव्याला सालगडी ठरायचा तो पुढच्या पाडव्यापर्यंत. काही खंड्या धान, थोडे रोकड, एखादे धोतर. त्या बदल्यात त्याचे साल मालकाचे. दिवस तर होताच, रात्रही होती. बांधीला पाणी फोडायला मध्यरात्री हाक आली की उठायचे. लेकरू आजारी पडले तर रजा मागायची, आणि ती दिली तर मालकाचा उपकार. रविवार हा शब्द त्याच्या पंचांगात नव्हता. गंमत अशी की, बैलाला सुटी होती. पोळ्याच्या दिवशी बैलाच्या खांद्याला लोणी-हळद चोळायची, शिंगे रंगवायची, त्याला जुंपायचे नाही, आणि "अरे, वर्षभर माझी वैरण खातोस, मग आज काम का नाही?" असे त्याला कुणी विचारत नसे. सजवण्याचे काम मात्र सालगड्यानेच करायचे.

माझ्या विद्यार्थ्याचे आजोबा असे सालगडी होते. नातवाला आता सरकारने पैसे दिले आहेत आणि बाप नकळत सरकारला मालगुजाराच्या जागी बसवतो आहे. बापाचे एक वेळ समजू शकते. पण आपण शिकली-सवरलेली माणसेही शिष्यवृत्तीच्या मुलांकडे याच नजरेने पाहतो. त्याने अभ्यास करावा, वेळेवर परीक्षा द्यावी, शिकलेले परत येऊन उपयोगात आणावे, एवढे कर्ज कबूल. मुद्दल तेवढेच आहे. पण त्याचा रविवारही आपल्याकडे जमा व्हावा, त्याने हसताना आजूबाजूला पाहावे, ही कुठल्या बोलीत ठरलेली व्याजाची अट?

इथे माझे गणिताचे सहकारी मला अडवतात. ते म्हणतात, "तुम्ही बाबासाहेबांचे काय करता?" दर १४ एप्रिलला आम्ही मुलांना जे सांगतो ते त्यांना अभिप्रेत असते: लंडनच्या बोर्डिंगातला अपुरा नाश्ता, ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात दारे बंद होईपर्यंत वाचन, रात्री भुकेल्या पोटी पुन्हा वाचन. या चित्रात सहलीला जागा कुठे आहे?

प्रश्न रास्त आहे. बाबासाहेबांचे कर्जही कागदावरचे होते. १९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी त्यांना न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठासाठी शिष्यवृत्ती दिली. महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षे. आणि परत आल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करार. मुदत संपली म्हणून १९१७ साली लंडनचा अभ्यास अर्धा टाकून त्यांना परतावे लागले. पुढे मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात शिकवून पैसे साठवले, शाहू महाराजांची मदत आणि कोलंबियातल्या दिवसांपासूनचे मित्र नवल भथेना यांची उसनवारी घेतली, आणि १९२० साली पुन्हा जाऊन तो अभ्यास पुरा केला. इतकी ओढाताण करून शिकणाऱ्याने एकेक तास वाचवला, तर तो त्याचा स्वतःचा निर्णय होता; त्याच्यापुढे काम केवढे होते ते त्याला ठाऊक होते. त्या निर्णयाचा आसूड करून आपण दुसऱ्याच्या पोरावर उगारावा, हे मात्र मला पटत नाही.

आणि त्या चरित्राचे एक पान आपण मुलांना क्वचितच वाचून दाखवतो. त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेल्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या छोट्याशा आठवणीत त्यांनी लिहिले आहे की, पाच वर्षांच्या युरोप-अमेरिकेतल्या वास्तव्याने आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पुसली गेली होती. पदवीचे श्रेय त्यांनी इथे मांडलेले नाही. राहणे, फिरणे, कुठेही बसणे, कुठेही उतरणे आणि कुणीही नाव-गाव-जात न विचारणे, या रोजच्या गोष्टींनी ते काम केले होते. पुढे बडोद्याला आल्यावर राहायला जागा मिळेना. पारशी नाव सांगून एका पारशी खाणावळीत उतरले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेले लोक आले आणि संध्याकाळपर्यंत बाहेर पडण्याचे फर्मावून गेले. मित्रांकडे जागा मिळाली नाही. मुंबईची गाडी रात्रीची. तोवर कोलंबिया विद्यापीठाचा हा विद्वान कामाठी बागेत बसून राहिला. बाग सार्वजनिक होती. लोक तिथे हवा खायला येत असत.

याहून आमच्या प्रश्नाच्या जवळची गोष्ट १९३४ सालची आहे. चळवळीतल्या सहकाऱ्यांच्या मनात आले, एकदा सहलीला जावे. वेरूळची लेणी पाहावीत. अट एकच, बाबासाहेबांनी बरोबर आले पाहिजे. ते आले. सुमारे तीस मंडळी, भाड्याची बस, आणि वाटेत दौलताबादचा किल्ला. मला या तपशिलात फार गोडी वाटते. महाडचा सत्याग्रह होऊन गेला होता, गोलमेज परिषदा होऊन गेल्या होत्या, पुणे करार होऊन गेला होता. आणि ही थकलेली माणसे ठरवतात, चला, दोन दिवस काही सुंदर पाहून येऊ. किल्ल्याच्या दाराशी एक हौद होता. प्रवासाची धूळ धुवावी म्हणून काही जणांनी हात-पाय-तोंड धुतले. लगेच एक पांढऱ्या दाढीचा म्हातारा ओरडत आला की, यांनी पाणी बाटवले. गर्दी जमली, शिवीगाळ झाली, बाबासाहेबांनी जाब विचारला. अखेर आत जाऊ दिले ते या अटीवर की, किल्ल्यात कुठेही पाण्याला हात लावायचा नाही. आणि लक्ष ठेवायला बरोबर एक हत्यारबंद शिपाई.

ती सहल कशी झाली असेल? किल्ला तर तोच. देवगिरीचा अभेद्य कडा, अंधारा भुयारी मार्ग, तोफा. पण ज्याच्या पाठीमागे बंदूकवाला चालतो आहे, त्याला कड्याची उंची दिसत असेल की शिपायाची सावली? पाहायला डोळे लागतात हे आम्ही चित्रकलेचे मास्तर घोकून घोकून सांगतो. डोळ्यांच्या आधी आणखी एक गोष्ट लागते, ती म्हणजे निश्चिंत पाठ. ती काहींना जन्मतःच मिळते, म्हणून तिची त्यांना किंमत नसते आणि नावही ठाऊक नसते. 'मी इथे का आलो' याचे उत्तर देण्याची सक्ती ज्याच्यावर नाही, तोच खरा सहलीला गेलेला माणूस. बाकीचे परवानगीने आत आलेले.

ही गोष्ट फक्त आपल्याच देशाची असे कुणी समजू नये. माझा विद्यार्थी ज्या डोंगरावर उभा होता त्याचे नाव किंडर स्काउट. उंची सहाशे छत्तीस मीटर, मँचेस्टर आणि शेफील्ड या दोन गिरणी-कारखान्यांच्या शहरांच्या मधोमध. आज तिथे कुणीही जातो. पण शंभर वर्षांपूर्वी तो डोंगर जमीनदारांच्या शिकारीसाठी राखलेला होता. ग्राउस नावाच्या रानपाखराची शिकार वर्षातून थोडे दिवस चाले आणि बाकीचे दिवस राखणदार फिरत. कामगारांना सुटी रविवारी, आणि रविवारी डोंगर बंद. २४ एप्रिल १९३२ रोजी, तोही रविवारच होता, चारेकशे तरुण कामगार, त्यांत बेकारही होते, उघड उघड त्या डोंगरावर चढले. बेनी रॉथमन हा त्यांचा पुढारी वीस वर्षांचा होता. राखणदारांशी झटापट झाली. पाच जणांना दोन ते सहा महिन्यांच्या शिक्षा झाल्या. पुढे १९४९ साली राष्ट्रीय उद्यानांचा कायदा झाला आणि १९५१ साली हाच मुलूख इंग्लंडचे पहिले राष्ट्रीय उद्यान झाला. किंडर स्काउट १९३२ आणि दौलताबाद १९३४. कारण निराळे, वेदना तर फारच निराळी. जातीचा डाग त्या गिरणीकामगारांच्या कपाळी नव्हता आणि डोंगर उतरल्यावर कुणी त्यांची सावली टाळत नव्हते. तरी दोन्हीकडे दारावरचा प्रश्न एकच होता: तुम्ही कोण, आणि तुम्हाला पाहायचेच कशाला?

यापेक्षा सभ्य भाषेतला नकारही त्या देशात होऊन गेला आहे. विंडरमियरच्या सरोवरापर्यंत आगगाडी न्यायचे १८४४ साली ठरत होते, तेव्हा वर्ड्‌स्वर्थने, साऱ्या आयुष्यभर ज्याने त्या डोंगर-पाण्यावर कविता केल्या त्या कवीने, विरोध केला. वर्तमानपत्राला पत्रे लिहिली. त्यांतला एक मुद्दा असा की, निसर्गसौंदर्याची गोडी ही संस्काराने, सावकाश येणारी गोष्ट आहे. कारखान्यांतल्या मजुरांना गाड्या भरभरून तिथे आणल्याने त्यांचे काही भले होणार नाही. चौऱ्याहत्तर वर्षांच्या त्या कवीचा मला राग येत नाही. शांतता मोडेल ही त्याची भीती खोटी नव्हती, आणि मोहर्लीच्या फाटकाशी सुटीच्या दिवशी लागणारी गाड्यांची रांग पाहिली की मलाही त्याची आठवण होते. पण गोडी सावकाश येते म्हणून तिची पहिली संधीच देऊ नये, हे कसले शहाणपण? आगगाडी १८४७ साली सुरू झालीच.

आमच्या मोहर्लीकडच्या पोरांना रोज जिप्सी दिसतात. टोपीवाले, कॅमेरेवाले पाहुणे आत जातात, बाहेर येतात. पोरे हात हलवतात. ही पोरे याच जंगलाच्या कडेला वाढली. पण त्या गाडीचे भाडे बापाच्या कितीतरी दिवसांच्या मजुरीएवढे. त्यांच्या लेखी पाहणे हा पाहुण्यांचा धंदा आहे आणि दिसणे हा आपला. मी दर वर्षी वर्ग घेऊन मार्कंड्याला जातो, वैनगंगेच्या काठच्या त्या जुन्या देवळांशी. नियम एकच करतो: पहिला तासभर कागद काढायचा नाही, नुसते हिंडायचे. मुले अस्वस्थ होतात. "सर, काय लिहून घेऊ?" असे विचारत मागे लागतात. काही न लिहिता, काही न मिळवता एखाद्या दगडासमोर उभे राहणे त्यांना चोरीसारखे वाटते. आमचा हा मुलगा सातवीत असताना तिथल्या एका मूर्तीच्या मोडक्या हाताजवळ तासभर उभा होता. हात कुठे गेला असेल, एवढेच त्याने विचारले. मी म्हटले, नदीत. त्यावर तो नदीकडे पाहत बसला.

गणिताचे सहकारी मात्र गप्प बसत नाहीत, आणि बसूही नये. ते विचारतात, "एका मुलाच्या परदेशी शिक्षणाच्या पैशात इथे वसतिगृहाच्या किती खोल्या होतील?" पुष्कळ होतील. ही तक्रार मी हलकी मानत नाही. पण ती सरकारच्या कोठाराविषयी आहे, मुलाच्या रविवारविषयी नाही; तो डोंगर चढला नसता तर इथे एक वीटही जास्त लागली नसती. त्यांचा दुसरा मुद्दा अधिक टोचतो. ते म्हणतात, "जाऊ दे ना त्याला. पण गावाला दाखवायचं कशाला? घरची माणसं उन्हात पानं तोडतात, तेव्हा थोडं झाकावं माणसानं." यात एक दयाळूपणा आहे. उपाशी माणसासमोर जेवू नये, ही आपल्या घरांतली जुनी शिकवण आहे आणि ती चांगली आहे.

त्याविषयी मी मुलाशी बोललो. फोन त्यानेच केला होता. त्याने सांगितले, तो फोटो पाठवावा की नाही याचा विचार करण्यात डोंगर उतरल्यावर त्याचा अर्धा तास गेला. वसतीच्या खोलीत बाकीचे चौघे बूट वाळत घालून, चहा करून, पत्ते खेळू लागले होते. हा मोबाइल हातात धरून कोपऱ्यात बसलेला. केरळच्या मुलीने विचारले, घरी काही वाईट झाले काय? तो म्हणाला, नाही. "मग सर, वाटलं की लपवलं तर उद्या आणखी लपवावं लागेल. आईला वाटतं मी इथे एकटाच असतो. तिला चार जण दिसू देत." म्हणून पाठवला.

त्या अर्ध्या तासाचा हिशेब कोण देणार? बाकीच्या चौघांनी तो चहा पिण्यात घालवला. पाचव्याने तो तेवढा वेळ कोर्टात उभे राहून घालवला, तोच आरोपी आणि तोच न्यायाधीश. शिष्यवृत्तीच्या कुठल्याही कागदावर ही अट नव्हती; ती त्याने सिंदेवाहीहून बरोबर नेली होती. मला ती त्याच्या गाठोड्यातून काढून टाकता येईल असेही वाटत नाही. ती पूर्णपणे काढावी असेही वाटत नाही, कारण त्याच गाठोड्यात त्याची आईही आहे. घरच्यांची आठवण नसलेला आनंद मला हलका वाटतो. पण आठवण ही एक गोष्ट आणि पाठीमागचा शिपाई ही दुसरी. आणि चांगल्या मुलाच्या मनात या दोहोंची अदलाबदल फार सहज होते.

बाप पुन्हा आला तो पावसाळा लागल्यावर, रोवणीच्या आधी. फोन लावला का, हे त्याने विचारले नाही. मला वाटले विसरला. तसे नव्हते. खिशातून मोबाइल काढून त्याने तोच फोटो पुढे केला, मित्रांच्या डोक्यांवरून बोट मागच्या डोंगरावर नेले आणि म्हणाला, "गुरुजी, इथं झाडं कायले नाई? कोनं तोडली?"

खातेच्या कूपात लाकूडतोड केलेला माणूस. पाचही हसरी तोंडे सोडून त्याची नजर तिथे गेली होती. मी मुलाला विचारून सांगितले: झाडे फार पूर्वीच गेली, नंतर मेंढ्यांनी काही उगवू दिले नाही, आणि दोन्हीकडच्या शहरांतल्या गिरण्यांच्या धुराने माथ्यावरचे शेवाळही मारले, आता वीसेक वर्षे माणसे तिथे पुन्हा शेवाळ लावत आहेत, म्हणजे पाणी धरून राहील. बापाने विचार केला. "धुराने? म्हंजे आपल्या चांद्यासारखं," तो म्हणाला. मग थोड्या वेळाने, "शेवाळ लावतेत!" आणि मनापासून हसला.

१६ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपूरच्या दीक्षेनंतर दोन दिवसांनी, बाबासाहेबांनी चांद्यात धम्मदीक्षा दिली. तेव्हापासून दर वर्षी १५ आणि १६ ऑक्टोबरला चंद्रपुरात दीक्षाभूमीवर लोक येतात, एस.टी.ने, ट्रॅक्टरने, पायी. या मुलाचे आजोबा पहिल्या वर्षी आले होते, मालकाला न सांगता. बाप लहानपणापासून येतो. वंदना करायची, पुस्तकांच्या दुकानांतून एक फेरी मारायची, संध्याकाळची गाडी पकडायची, असा त्याचा शिरस्ता. गेल्या ऑक्टोबरात तो मला तिथे भेटला. पांढरा सदरा, हातात पिशवी, पिशवीत मुलाने मागितलेले एक पुस्तक. सिंदेवाहीची गाडी पाच वाजता होती आणि तीन वाजले होते.

तो म्हणाला, "गुरुजी, इतकी वर्षं येतो, पन हा किल्ला काई पाह्यला नाई. दाखवता का जी?"

आम्ही जटपुरा दरवाजापर्यंत चालत गेलो. दरवाजावर गोंडराजांचे चिन्ह कोरलेले आहे, हत्तीला पायाखाली दाबणारा सिंह. त्याने ते मान वर करून बराच वेळ पाहिले. गर्दी, रिक्षा, भोंगे दोन्ही बाजूंनी जात होते. वाघ का नाही कोरला, असे त्याने विचारले. त्याला मी उत्तर देऊ शकलो नाही. मग तटावर गेलो. सगळा परकोट सुमारे अकरा किलोमीटरांचा. काही वर्षांपूर्वी शहरातल्या स्वयंसेवकांनी झाडोरा काढून त्यावरून चालता येईल असे केले आहे. तो दगडांवर हात ठेवत, सांधे चाचपत चालला. चुना कशात मळला असेल, एवढा धोंडा किती माणसांनी उचलला असेल, त्यांना काय मजुरी मिळत असेल, असे एकेक विचारत होता. मधेच थांबून त्याने पिशवी खाली ठेवली आणि शहराकडे तोंड करून उभा राहिला. वारा होता. पाच वाजून गेले होते हे माझ्या लक्षात आले, पण मी काही बोललो नाही. त्यानेही घड्याळ विचारले नाही. पुढची गाडी साडेसहाला होती.